दसऱ्याले दारात आणलेली साखळीची गाडी

चामोर्शी,
कोजागिरीचा दुसरा दिवस, सन १९५४

तीर्थरूप दादाजीभाऊ यांस,

तुमच्या जवायाचा, गुणवंतरावाचा, वाकून नमस्कार. इकडे सारे खुशाल आहो, असं लिहाची रीत आहे म्हणून लिहिलं. वहिनीचे गुडघे कसे आहेत? शाळेतल्या शुद्ध मराठीत लिहायले बसलो होतो, पण ते कागद फाडून टाकले. आता बोलतो तसंच लिहून राह्यलो. सांभाळून घ्या.

धान बरा आहे यंदा. नदीकडच्या बांध्या निसवल्या, लोंब्या आल्या. पाऊस शेवटी शेवटी रुसला होता, पण तलावानं लाज राखली. आमची माय भाताचं ताट साफ करते अन् वरून म्हणते, मले आताशा जेवणच जात नाई. राइस मिलचा पट्टा तुटला होता, तो नवा घातला. अन्नूले तिसरीत टाकलं. पाढे म्हणते खणखणीत. म्हणजे, म्हणत होती.

गाडीचं मी तुमाले उन्हाळ्यात लिहिलं होतं. तुम्ही उत्तर नाई देलं. मले वाटलं, साळेभाऊले आपला शौक पटला नाई; पैसा उडवते म्हणत असतील. म्हणून मग मीही नाई लिहिलं. आज सारं लिहितो.

जबलपूरकडे लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव होता. सागवानाचे ठेकेदार ट्रकांवर तुटून पडले होते. कोपऱ्यात ही उभी होती. चारी बाजूनं पोलादी पत्रा, वरून उघडी, चाकाच्या जागी साखळ्या. लढाईत बोटीनं परदेशातून आलेली, अन् लढाई सरल्यावर कोणाच्याच कामाची नाई. ठेकेदार हसून राह्यले होते. "राव, हे घेऊन का नांगर धरता का?" म्या म्हटलं, हो, धरतो! भंगाराच्या भावात मिळाली. मले यंत्र दिसलं का माझं डोस्कं फिरते, हे तुमची बहीण तुमाले सांगतच असंल.

चांद्यापर्यंत रेल्वेनं आणली, तिथून लाकडाच्या ट्रकवर नदीपर्यंत. वैनगंगेच्या रेतीत ट्रक जाईना, म्हणून जंगू आपल्या पाड्यावरून बैलं घेऊन आला. हा जंगू आमच्याकडे जंगलातून लाकडं आणते. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, साखळीले हात लावला अन् म्हणे, "मालक, याच्यात जीव आहे का?" म्या म्हटलं, नाई, आता घालतो.

मग सारा पावसाळा मिलच्या मागच्या छपरीत गेला. आत सायाळीचे काटे निघाले, सापाची कात निघाली. इंजिन जाम. त्याचा एक भाग कलकत्त्याच्या दलालामार्फत इंग्लंडातून मागवला, तो बोटीनं यायले भादवा उजाडला. इसरू मिस्त्री माझ्यासंगं होता. तो लढाईत पलटणीच्या वर्कशॉपात हातोडे मारून आलेला. म्या म्हटलं, लाल रंग देऊ, ट्रॅक्टरसारखा. तो म्हणे, "नाई मालक, अस्सल चीज आहे, अस्सल रंग द्या." मलेही ते पटलं. तोच हिरवट मातकट रंग चांद्याहून आणून देला, बाजूले पांढरा नंबरही काढला. पहिल्या दिवशी जशी असंल तशी झाली पायजे, हा माझा हेका. इंजिन पहिल्यांदा फुरफुरलं तेव्हा भाऊ, मी अन् इसरू गळ्यात गळा घालून नाचलो.

तुमची वच्छला छपरीकडे कधी फिरकली नाई. विचारे, "कायची गाडी आहे वो?" मी म्हणे, शेतीचीच समज. तिले दसऱ्याले एकदम दाखवू, तोंडात बोट घालंल, असा माझा बेत. मी मोठा हुशार!

आता दसऱ्याचं लिहाचं आहे. सकाळपासून धान अन् पट्टा लिहून तेच टाळून राह्यलो.

आपल्याकडची रीत तुमाले माहीत आहे. दसऱ्याले नवी बंडी असो का मोटार, दारात आणाची, घरच्या बाईनं ओवाळाची, मग कामाले लावाची. वच्छलाले म्या सकाळीच सांगतलं, ताट तयार ठेव, गाडी आणतो. तिनं हिरवं लुगडं नेसलं. अन्नू आपट्याची पानं घेऊन दारात उभी. मी छपरीत गेलो. गाडीच्या पेटीत सोजिराची लोखंडी टोपी निघाली होती, ती डोस्क्यावर घातली. खाकी कोट इसरूचा. झेंडूचा हार गाडीले घालाचा राहूनच गेला. म्हटलं, तिच्या हातानं घालू.

साखळ्यांचा असा खडखडाट झाला का सारी आळी बाहेर आली. दारातून आत घेतली, अंगणात थांबवली, अन् मी वरती उभा राहून, गंमत म्हणून हो भाऊ, गंमत म्हणून, साहेबाच्या मोडक्या हिंदीत ओरडलो, "बाहर आओ! सब बाहर आओ!"

कोणी नाई आलं.

मी हसतच उतरलो. ओसरीवर ताट उपडं पडलं होतं. दिवा विझलेला, कुंकू सांडलेलं, आपट्याची पानं उंबऱ्यात. वच्छला नाई, अन्नू नाई. माय देवघरातून आली अन् म्हणे, "पोरगी तर दारातच होती रे!" दारातूनच तर मी गाडी आणली होती. मी अंगणात पालथा पडलो अन् साखळीखाली हात घालून चाचपून पाह्यलं. इसरू रडायले लागला. कोणी विहिरीकडे धावलं, कोणी तलावाकडे. भाऊ, माझ्या हाताले साखळीखाली ओलं लागलं. ते ग्रीस होतं. पण ते ग्रीस आहे हे समजेपर्यंत मी जसा होतो, तसं कोणावर न येवो.

वच्छला धानाच्या खोलीत सापडली. बांबूच्या मोठ्या ढोलीले पाठ लावून उभी, हातात विळा. ढोली रिकामी, नवा धान यायचा आहे अजून. म्या विचारलं, अन्नू कुठी आहे? ती माझ्याकडे पाहे, पण मी कोण हे तिले समजत नव्हतं. तिचे डोळे मी कधी असे पाह्यले नव्हते. मागून माय किंचाळली, "अरे मेल्या, डोस्क्यावरचं काढ आधी!"

टोपी काढून फेकली. मग मी जोरानं आवाज देला, "अन्नू! बाहेर ये बेटा, काही नाई करत कोणी!"

तर वच्छलानं माझ्यावर विळा उगारला. माझ्यावर, भाऊ.

मायनंच पाह्यलं का ढोलीच्या झाकणाचं लिपण ताजं फुटलेलं आहे. तिनं वच्छलाले धरलं, म्या झाकण काढलं. आत अन्नू होती. घामानं भिजलेली, ओठ निळे पडलेले, स्वतःची मूठ तोंडात कोंबलेली. जिवंत होती. मी इतका ओरडलो, सारं गाव ओरडलं, अन् ती दोन हातावर आत बसून होती. "काऊन नाई बोलली बेटा?" तर हळूच म्हणे, "आईनं सांगतलं होतं. बाबानं आवाज देला तरी हूं म्हणाचं नाई."

बाबानं आवाज देला तरी. हे मले समजेना. त्या दिवशी शेजारपाजारच्या बायांनी म्हटलं, बाहेरची बाधा आहे. एकीनं तर मांत्रिकाचं नाव घेतलं, तिले मायनं हाकलून लावलं. मायले काहीतरी समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी वच्छला मायजवळ बोलली. मी दाराच्या मागं बसून ऐकलं.

बेचाळीस सालचं. तुमच्या गावात पलटण आली, ती अशीच साखळीची गाडी घेऊन आली. माणसं पकडून चावडीवर नेले. वच्छलानं धाकट्या शेवंताले ढोलीत लपवलं, वरून लिपलं, अन् स्वतः माळ्यावर चढली. सोजिरांनी घर धुंडलं, कोणी सापडलं नाई. ते परत निघाले होते, भाऊ. परत निघाले होते. मग अंगणातून शेवंताले कोणीतरी नाव घेऊन आवाज देला. "शेवंते, बाहेर ये, काही नाई करत." तो आवाज घरचा होता. पोरगी भोळी, झाकण लोटून बाहेर आली.

पुढचं मी लिहीत नाई. वच्छलानंही नाई सांगतलं. मायले म्हणे, "मी माळ्यावरून पाह्यलं, मामीजी, अन् मी तोंड नाई उघडलं." तिसऱ्या दिवशी शेवंता विहिरीत सापडली.

आम्हाले लग्नाच्या बोलणीत तुम्ही सांगतलं होतं, धाकटी बहीण पटकीनं गेली. मले राग आला, भाऊ. खोटं काऊन बोलू? रात्रंदिवस एका घरात राहणाऱ्या माणसाले एवढं माहीत नसावं? मले माहीत असतं तर ते धूड म्या दारात आणलं असतं का? रागाच्या भरात तुमाले एक चिठ्ठी लिहिली अन् चुलीत टाकली. बरं झालं टाकली. कारण नंतर मायनं विचारलं, "आवाज कोणाचा होता वं?" अन् वच्छला म्हणे, "दादाचा."

लगेच म्हणे, "त्याले चावडीवरून धरून आणलं होतं, मानेवर संगीन होती. मायबापाले आधीच बांधलं होतं. तो का करंल? मी त्याले कधीच दोष नाई देला. त्यालेच ते कळलं नाई."

मग मले तुमची काठी आठवली. तुम्ही इथी येता तेव्हा फाटकात उभे राहून काठी आपटता. कोणाले नावानं आवाज देत नाई. मी किती चिडवलं तुमाले! म्हटलं, साळेभाऊ, गळा गिरवी ठेवला का? तुम्ही हसता. अन्नूलेही तुम्ही कधी नाव घेऊन बोलावलं नाई, हात करून बोलावता. मले वाटे, माणूस मितभाषी आहे. मी बैल आहे, भाऊ, बिनशेपटीचा बैल.

गाडी अंगणात नाई आता. इंजिन चालू नाई केलं. जंगूनं बैलं लावून मुक्यानं ओढून नेली, साखळ्यांले चिंध्यांची बोंदरं बांधून, आवाज होऊ नये म्हणून. इसरू अन् मी ती खोलून राह्यलो. इंजिन मिलले लावीन, पत्रा लोहाराले देईन. तिचं वाईट वाटते का म्हणाल, तर वाटते. इतक्या मायेनं उभी केली होती. अन् लगेच तसं वाटल्याची शरम वाटते. पांढरा नंबर मीच पहिले खरवडून काढला.

पण घर अजून तिथीच आहे. वच्छला धानाच्या खोलीतच झोपते, अन्नूले कवटाळून. पोरगी शाळेत जात नाई. अन् सगळ्यात वाईट म्हणजे ती आवाजाले ओ देत नाई. मी म्हणतो, अन्नू, तर ती आधी आईकडे पाहते. माझ्या पोरीले माझ्या आवाजाचं भेव वाटते, भाऊ. डॉक्टरनं ताकदीची गोळी देली. त्या गोळीनं का होते?

काल कोजागिरीचं दूध घेऊन मी त्या खोलीच्या दारात बसलो. आत नाई गेलो. वच्छला आपणहून बोलली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो, कारण तिनं तसंच लिहा म्हटलं आहे:

"दादाले बोलवा. त्यानं आजवर कोणाले हाक नाई मारली. त्याले म्हणा, अंगणात उभा राह्य अन् माझ्या पोरीले नाव घेऊन हाक मार. दादानं हाक मारली, पोरगी बाहेर गेली अन् काही झालं नाई, असं मले एकदा डोळ्यानं पाहाचं आहे."

म्या अन्नूले विचारलं, मामानं हाक मारली तर जाशील? ती आईकडे पाहून म्हणे, "मामा हाक मारतच नाई." वच्छला म्हणे, "मारंल."

गाडी पाठवतो. बैलगाडी हो. जंगूचा पोरगा मुखरू घेऊन येईल. अंगण सारवून ठेवतो, आळीतल्या कोणाले येऊ देत नाई. मीही आडोशाले राहीन. हाक मारताना तुमचा आवाज फुटला तर फुटू द्या, इथी कोणी हसणार नाई. तुमच्याच्यानं एवढं होईल का नाई, मी सांगू शकत नाई. मले माझ्याच घरात आवाज देणं जड झालं आहे, तुमाले कोणत्या तोंडानं सांगू?

पण या. अन् काठी घरीच ठेवून या.

तुमच्या हाकेची वाट पाहणारा,
गुणवंत