मावशीची शपथ

प्रिय रंभे,

तुझा फोन लागतो, पण तू उचलत नाहीस. म्हणून हे पत्र पनवेलच्या बाजारात मासे घेऊन आलेल्या तुझ्या लेकाच्या, मिथुनच्या हाती देतेय. माझी प्रांजल कशी आहे, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. नुसता बर्फाच्या पेटीकडे बघत राहिला. तेव्हा मनातला संशय आणखी वाढला.

प्रांजल दवाखान्यात आहे. दिवाळीच्या सुट्टीत तुझ्याकडे करंजाला राहून आली ती अंगात कणकण घेऊनच. सासूबाईंनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली. मला आधी तुमच्या विहिरीच्या पाण्याचा संशय आला, मग तिथल्या लग्नातल्या आइसक्रीमचा. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. शेवटी डॉक्टर म्हणाले, तिच्या हृदयाला जन्मापासून जे भोक आहे, तिथे रक्तातले जंतू जाऊन चिकटलेत. त्यातला तुकडा सुटून मेंदूत गेला तर... पुढचं मला ऐकवेना. मग त्यांनी दातांचं विचारलं, कारण असे जंतू दाताच्या जखमेतूनही रक्तात शिरतात. हिचा दात काढायचा तर आधी औषध द्यावं लागतं, हे मी तुला दारातच बजावलं होतं. तू हसून म्हणालीस, "ताय, आमाला काय कलत नाय का?"

तेव्हापासून माझं डोकं तुझ्याभोवतीच फिरतंय. पोर एकाच बाजूने चावत होती, उजव्या गालाला हात लावू देत नव्हती. तू एकदाही बघायला आली नाहीस, सुके बोंबील मात्र पाठवलेस. रंभे, तू तिची दाढ कुणाकडून तरी काढवलीस ना? मला राग आलाय, खूप आलाय. पण दाढदुखीने विव्हळणारं पोर तुला बघवलं नसेल, हेही कळतं.

डॉक्टर म्हणतात, दाढेचं मूळ आत राहून पू झाला असेल, तर नुसती इंजेक्शनं पुरी पडायची नाहीत. पण ही तोंड उघडतच नाही. जबरदस्ती केली की रडून रडून धाप लागते, आणि तिच्या हृदयाला तेच सोसायचं नाही. काल तापाच्या ग्लानीत बडबडली, "नाय दाखवनार, मावशी मरंल." तुझ्या गळ्याची शपथ घातलीस ना तिला? मी समजावलं, नर्सने समजावलं. पण ज्याने घातली त्यानेच सोडवायची, हे तिला पक्कं ठाऊक आहे. आपणच शिकवलंय.

मी भांडणार नाही. मिळेल त्या गाडीने ये, तिच्यासमोर धडधाकट उभी राहा आणि म्हण, शपथ सुटली.

तुझीच,
ताई