सगळ्यात जास्त पाणी पिणारी इमारत

२६ जानेवारी २०१६

तहानलेल्या मराठवाड्यातल्या बंधूंनो आणि भगिनींनो! धरण आटलं, विहिरी आटल्या, टँकरची वाट बघून डोळे आटले. आणि तरीही आपल्या वाट्याचं पाणी कुणीतरी मुकाट्याने पिऊन जातंय. कोण पितंय ते?

सवय जात नाही. रोजनिशीला श्रोते नसतात. ही मी फक्त माझ्यासाठी लिहितोय. पण सुरुवात झकास झाली. कुठेतरी वापरता येईल.

आज झेंडावंदनानंतर अध्यक्ष अर्जुनरावांनी (साखर कारखान्याचे चेअरमन, म्हणून कारखान्याने काढलेल्या आमच्या कॉलेजचेही अध्यक्ष) जाहीर केलं: विद्यापीठाचा आदेश आहे, संकुलातल्या प्रत्येक इमारतीचं पाणी आणि वीज मोजायची. समितीचा प्रमुख मी. राज्यशास्त्राचा मास्तर कशाला, असं मागे कुणीतरी पुटपुटलं. पाणी हा सत्तेचाच प्रश्न आहे, हे मी माईक हातात घेऊन पाऊण तास समजावलं. पोरं उन्हात उभी होती. दोघींना चक्कर आली. चांगल्या भाषणाचा परिणाम कधीकधी शरीरावरही होतो.

संकल्प: रोज पहाटे उठून सगळी मीटर मी स्वतः वाचणार.

२९ जानेवारी

मीटर बसली. आर्ट्स, सायन्स, ग्रंथालय, मुलांचं वसतिगृह, मुलींचं वसतिगृह. गेस्ट हाऊसला नाही. तिथे स्वतंत्र बोअर आहे, असं अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या गेस्ट हाऊससमोरची हिरवळ मात्र बघण्यासारखी. या दुष्काळात! नियोजन म्हणतात ते हे.

गेटवर लाल अक्षरांचा मोठा बोर्ड लावून घेतला. काल कोणत्या इमारतीने किती पाणी, किती वीज खाल्ली, ते रात्रंदिवस झळकणार. निवृत्ती म्हणाला, "आन् ह्या बोर्डाला वीज किती लागती, ते कुठं दिसंल बे?" निवृत्ती फिजिक्सचा, समितीचा दुसरा सदस्य, माझा लहानपणचा दोस्त. विज्ञानवाल्यांना दूरचं दिसत नाही.

१ फेब्रुवारी

उठायला उशीर झाला. रात्री पाणीप्रश्नावरचं वाचन चाललं होतं. रीडिंग घ्यायला शिपाई सटवाला सांगितलं. प्रमुखाने मीटर वाचायचं नसतं, त्याचा अर्थ लावायचा असतो.

३ फेब्रुवारी

धक्का! सगळ्यात जास्त पाणी पिणारी इमारत: मुलींचं वसतिगृह. मुलांच्या वसतिगृहाच्या दुप्पट. आणि मुली तर मुलांच्या निम्म्या.

निवृत्तीला विचारलं, मीटर चुकत असेल का? "नवंकोरं हाय. ते कावून खोटं बोलंल?" वैज्ञानिक पुरावा मिळाला.

५ फेब्रुवारी

मनकर्णा भाषण दाखवायला आली. बी.ए. दुसरं वर्ष, तलवाड्याची. तीस वर्षांत असा आवाज माझ्या वर्गात आला नाही. ती उभी राहिली की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मोबाइल खिशात घालतात. आईवडील ऊसतोडीला कोल्हापूरकडे, घरी फक्त आजी. दसऱ्यानंतर कोयता घेऊन निघताना तिचे वडील जालिंदर मला भेटले होते. "सर, वसतिगृह हाय तवर शिकू द्या. तिथून निघाली की मंग आमच्यासंगंच. पोरीला एकटी कुठं ठिवावं?" मी त्यांना शब्द दिला होता: पोरगी पदवी घेऊनच बाहेर पडेल.

२२ एप्रिलला पुण्यात राज्यस्तरीय वक्तृत्व स्पर्धा. तिचा विषय 'माझ्या वाट्याचं पाणी'. भाषणात एक वाक्य होतं: 'आमच्या वसतिगृहात नळ सोडला की पाणी येत नाही, वारा येतो.' मी तिथेच थांबवलं. अतिशयोक्तीने वक्त्यावरचा विश्वास उडतो, हे समजावलं. गेटवरचा आकडा दाखवला. ती म्हणाली, "पण सर, खरंच येतो. हात धरला की कळतंय."

म्हटलं, भावना पोचली, वाक्य काढ.

काढलं बिचारीने. शिष्य असावा तर असा.

१२ फेब्रुवारी

वसतिगृहाच्या रेक्टर ताराबाई भांडायला आल्या. "सर, टेकाडावरची शेवटची इमारत आमची. खाली समद्यांचं भरून झाल्यावर वर काय चढत असंल, इचार करा की." मी त्यांना हाताला धरल्यासारखं गेटपर्यंत नेलं आणि बोर्ड दाखवला. त्या बोर्डाकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. मग पदर खोचून टेकाडाकडे वळल्या. आकड्यांपुढे माणूस निरुत्तर होतो.

समितीचा ठराव: मुलींच्या वसतिगृहाचा व्हॉल्व्ह तीन दिवसांतून एकदाच उघडावा. एकमताने मंजूर. (मी मांडला, निवृत्तीने जांभई दिली.)

१९ फेब्रुवारी

घरी 'उधळपट्टी: एक सामाजिक गुन्हा' या भाषणाची तालीम. आरशासमोर. शेवटच्या परिच्छेदाला आवाज असा चढला की खाली केसर ओरडतेय हेच कळलं नाही. गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. विकतच्या टँकरचं पाणी अंगणातून गटारात चाललेलं. केसर म्हणाली, "जगाचे मीटर बघतासा, घरची मोटार बंद कराया हात न्हाई का?" पाणी जमिनीत मुरतं, वाया जात नाही, हे मी तिला सांगितलं. अंगणात फरशी आहे, असं ती म्हणाली. बायको फार तपशिलात शिरते.

२ मार्च

आनंदाची बातमी. ग्रंथालयाचा पाणीवापर वाढला! दुष्काळात वाचनसंस्कृती वाढतेय. संध्याकाळी जाऊन बघितलं. मुलींची गर्दी. प्रत्येकीच्या खांद्याला भली मोठी बॅग, जाताना जड झालेली. किती पुस्तकं नेतात! मनकर्णाची बॅग तर खालून ठिबकत होती. डबा सांडला असेल.

पण वसतिगृहाचा आकडा उतरत नाही. व्हॉल्व्ह तीन दिवसांतून एकदा उघडतो, आणि उघडला की मीटर गरगर फिरतं, असं सटवा सांगतो. मुली आधाशासारखं साठवत असणार. ठराव: वेळ अर्ध्यावर आणावी.

२० मार्च

चवदार तळ्याचा दिवस. दरवर्षी या दिवशी मी बोलतो. आज मात्र मी बोललो नाही, पेटलो. माझा आजा ज्या विहिरीवर कधी चढला नाही ती विहीर, वरून दुसऱ्याने ओतलेलं पाणी ओंजळीत झेलणारी माझी आजी. पाणी मागायचं नसतं, पाण्यापर्यंत चालत जायचं असतं! टाळ्या थांबेनात. अर्जुनरावांनी डोळे पुसले.

पहिल्या रांगेत मनकर्णा होती. टाळ्या वाजवल्या नाहीत. ओठ फुटलेले, नजर माझ्यावर. भारावली असावी.

दुपारी वीजबचतीचा निर्णयही उरकला: ग्रंथालय पाचला बंद. दिवे, पंखे, सगळं वाचेल. कुलूप मी स्वतः लावलं.

२६ मार्च

मुली रिकाम्या बादल्या घेऊन ऑफिससमोर येऊन बसल्या. घोषणा नाही, काही नाही. प्राचार्य मागच्या दाराने गेले. मी घाबरणारा नव्हे. पायरीवर उभा राहून अर्धा तास बोललो. संयम, त्याग, उद्याची पिढी. शेवटी त्यांनी बादल्या वाजवल्या. टाळ्यांपेक्षा कितीतरी मोठा आवाज होतो.

मनकर्णाने वाजवली नाही. ती जवळ येऊन म्हणाली, "सर, तुमी एकदा वर चला. एकदाच." म्हटलं, उद्या नक्की.

२७ मार्च

विद्यापीठाला पाठवायचा अहवाल लिहीत होतो. वर जाणं झालं नाही.

३० मार्च

अध्यक्षांनी माझ्या अहवालाच्या आधारे मुलींचं वसतिगृह पाऊस पडेपर्यंत बंद केलं. उद्या संध्याकाळपर्यंत खोल्या रिकाम्या करायच्या. इतका टोकाचा निर्णय मी सुचवला नव्हता. पण अहवालाचं सगळीकडे कौतुक आहे.

केसरला सांगितलं. भाकरी थापता थापता थांबली. "मंग ती तुमची मनकर्णा कुठं जाईल?" मी म्हटलं, विचार करू. "त्यात काय इचार करायचा? आणा तिला घरी. आपली पोरगी नांदायला गेल्यापासनं ती खोली रिकामीच हाय की." केसरचं मन मोठं आहे. कल्पना माझ्याही मनात होतीच.

संकल्प: उद्या मनकर्णाला घरी आणणे. परीक्षा आणि स्पर्धा दोन्ही इथूनच.

३१ मार्च

सकाळी जायला निघालो तर लिंबागणेशहून गाडी आली. 'दुष्काळ आणि आपण' व्याख्यान. तारीख विसरलोच होतो. म्हटलं, संध्याकाळी आणू. श्रोते हलेनात. दोन तास बोललो, मग प्रश्नोत्तरं, मग सत्कार, मग पोहे.

परत आलो तेव्हा वसतिगृहाला कुलूप होतं. ताराबाई म्हणाल्या, हंगाम संपवून जालिंदर आला होता, दुपारीच घेऊन गेला. पोरगी गेटपाशी लई वेळ थांबली होती.

घरी केसरने खोली झाडून ठेवलेली. गादीवर नवी चादर, कोपऱ्यात भरलेला माठ. मी एकटाच आत आलेलो तिने बघितलं. माठावरची वाटी उचलून स्वयंपाकघरात नेली.

तलवाडा काही लांब नाही. रविवारी जाऊन आणतो.

१० एप्रिल

गेल्या रविवारी जयंती कमिटीची मीटिंग होती. आज रविवारीही तीच. चौदा तारखेला तलवाड्यात भाषण आहेच, तेव्हाच.

१४ एप्रिल

तीन गावांत तीन भाषणं. दिंद्रुडला हजाराचा जमाव. शेवटी तलवाडा. भाषणानंतर मनकर्णाच्या आजीकडे, चतुराबाईंकडे गेलो. तिने माझ्यासमोर तांब्या ठेवला. अर्धाच भरलेला. म्हणाली, "पुन्याला गेली बाप-लेक. बिल्डिंगीच्या कामाला." परीक्षेचं विचारलं. "कशाची परीक्षा अन् काय." मग सहज विचारावं तसं: "सर, पोरींचा नळ तुमीच बंद केला म्हन्त्यात. खरं हाय का वो?"

मी तिला अहवाल सोप्या भाषेत समजावून सांगितला. ती मान हलवत होती. पटलं असावं.

पाणी प्यायलो नाही. तिलाच कमी होतं.

एका अर्थी बरंच झालं. पुण्यातच आहे ती, आणि स्पर्धाही पुण्यातच. २२ ला स्वतः जातो, कामावरून उचलतो, थेट मंचावर उभी करतो.

२२ एप्रिल

एक मे रोजी समितीचा सत्कार ठरलाय. त्याच्या तयारीची बैठक नेमकी आज. प्रमुखाशिवाय होणं शक्य नव्हतं.

आत्ता सकाळचे अकरा वाजलेत, बैठकीतच लिहितोय. तिचं नाव पुकारलं असेल.

दोनदा पुकारतात.

२८ एप्रिल

सकाळी गेटवर बोर्ड बघितला. सगळ्यात जास्त पाणी: मुलींचं वसतिगृह. महिना झाला तिथे कुणी नाही! चोरी. उघड चोरी. कारखान्याच्या टँकरवाल्यांची असणार, किंवा पलीकडच्या वस्तीची. आज रंगेहाथ पकडायचं ठरवलं. ताराबाईंकडून किल्ली घेतली, दुपारी व्हॉल्व्ह उघडायच्या वेळेला (तो बंद करायला सटवाला कुणी सांगितलंच नव्हतं) टेकाड चढलो. पहिल्यांदाच. भर उन्हात दम लागला. या चढावरून पोरी बादल्या नेत होत्या.

कुणी नव्हतं. दाराजवळचं मीटर मात्र जोरात फिरत होतं. आत न्हाणीघरात गेलो. भिंतीशी ओळीने बादल्या, प्रत्येकीवर रंगाने नाव. एक नाव मनकर्णा. त्या बादलीवरचा नळ सोडला. फुसफुस झाली. मी वाट बघितली. थेंब नाही.

हात धरला.

वारा.

गरम वारा, बोटांमधून जाणारा. दुसरा नळ सोडला. तोही तसाच. मी सगळे नळ सोडले आणि बाहेर येऊन बघितलं तर मीटर आणखी जोरात पळत होतं.

२९ एप्रिल

निवृत्तीला सांगितलं. त्याने हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाला, "रिकाम्या पायपात हवा कोंडती, पाणी सोडलं की तीच रेटा घेऊन मीटरचं चाक फिरविती. जितकं पानी कमी, तितकी हवा जास्त. माझ्या ध्यानात याया पायजे होतं." आधी का बोलला नाहीस, विचारलं. "तू कुणाला बोलू देतूस बे?" प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, आता कशाला काढता, परवा सत्कार आहे, शाली आल्यात.

चतुराबाईंकडून नंबर मिळवून जालिंदरला फोन लावला. मनकर्णाने उचलला.

"जयभीम सर!" तोच आवाज. मागे काँक्रीटच्या मिक्सरची घरघर. बरी आहेस ना, विचारलं. "बरी हाय की. इथं पानी लई हाय सर. मला पाइप धरायचं काम दिलंय. दिवसभर स्लॅबवर पानी मारते. सकाळ-संध्याकाळ. हात वाळतच न्हाई." हसली. मग म्हणाली, "सर, तुमी काढाया लावलेलं ते वाक्य हाय ना, ते परत घालू का? म्हंजे कदी कुठं बोलायची पाळी आलीच तर."

मला एक शब्द सुचला नाही. मला. ती "हॅलो, सर, हॅलो" करत राहिली, मग कुणीतरी तिला हाक मारली.

१ मे

शाल, नारळ, फेटा. बोलायला उभा राहिलो आणि वीज गेली. जनरेटर फक्त गेस्ट हाऊसचा चालू झाला. विनामाईक सुरुवात केली. अर्जुनराव म्हणाले, "सर, झकास. पण जेवणं गार व्हायलीत." मंडप रिकामा झाला. पहिल्यांदाच मी छोटं भाषण लिहून नेलं होतं. ते इथे उतरवून ठेवतो.

या संकुलातल्या बंधूंनो आणि भगिनींनो! आपली एक मुलगी गेली. तिचं पाणी आपण सगळ्यांनी मिळून प्यायलो आणि आळ तिच्या इमारतीवर घातला. मी आता काही समजावून सांगत नाही. गेटवरच्या बोर्डाकडे बघू नका. ताराबाईंकडून किल्ली घ्या, टेकाड चढा, मनकर्णाच्या बादलीवरचा नळ सोडा आणि खाली हात धरा.