शिलाईच्या वहीला वाचा फुटली

सौंसर, मंगळवार

तीर्थस्वरूप विजयमालाताई यांना,

सौंसरहून तुमच्या धाकट्या भावजयीचा, म्हणजे वंदनाचा, वाकून नमस्कार. (मशीनवर बसून बसून पाठ धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात अर्धीच वाकते; कागदावर मात्र पूर्ण वाकली आहे, तेवढा मानून घ्यावा.) तुमचा डावा गुडघा कसा आहे? मागच्या वेळी उजवा म्हणाल्या होत्या की डावा, हे नीट आठवत नाही, म्हणून दोन्ही गुडघ्यांची चौकशी करून राहिली. भाऊजींची साखर आटोक्यात आहे ना? बागेतली संत्र्याची गळ थांबली का? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमचे बंधू तर जरा जास्तच बरे आहेत, कारण गेल्या बुधवारपासून ते जेवताना मधेच घास थांबवून एकटेच हसतात. काहून हसतात ते सांगायलाच हे पत्र. फोन असताना वंदनाला कागद कसा सुचला, असं तुम्हाला वाटेल. तर ताई, सगळं केलं ते त्या फोननेच.

तुम्हाला माझा धंदा ठाऊकच आहे. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, मधल्या खोलीत पडद्यामागे माप घ्यायची जागा, आणि माप घेणारी, कापणारी, शिवणारी, हूक लावणारी, इस्त्री करणारी, उशीर झाला की खोटं बोलणारी, सगळी मी एकटीच. पाटीवर ‘वंदना लेडीज टेलर’ लिहिलं आहे तेव्हा लोकांना वाटते, आत चार-पाच बाया असतील. आता एकटीच्या डोक्यात किती राहणार? आजवर मी मापं चिंध्यांवर लिहून टाचणीने कापडाला लावत होती, आणि बाकी गोष्टी कॅलेंडरच्या मागे. महिना उलटला की कॅलेंडरचं पान फाटायचं आणि त्यासोबत अर्धं सौंसर माझ्या डोक्यातून जायचं. दिवाळीच्या आधी बोरगावची एक बाई आली, तिला मी मोठ्या मायेने विचारलं की सासूबाईंचा खोकला आता कसा आहे. सासूबाईंच्या तेरवीला मी स्वतः जेवून आली होती ताई, भजे दुसऱ्यांदा मागून घेतले होते. त्या बाईने कापड उचललं आणि गेली, ती अजून आली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तुमची भाची उर्वशी नागपूरहून आली, तिला हे सांगितलं. ती तिथे कॉलेजात धंदा कसा करावा ते शिकून राहिली (धंदा न करता). तिने माझ्या फोनात नोंदी ठेवायची एक वही टाकून दिली. वही म्हणजे अॅप. प्रत्येक बाईचं एक पान. त्यात माप तर लिहायचंच, पण घरी कोण आहे, काय आवडते, काय विचारायचं आणि काय चुकूनही विचारायचं नाही, हेही लिहायचं. बाई आली की पान उघडायचं, एक नजर टाकायची आणि बोलायला लागायचं. “आई, गिऱ्हाईक ब्लाऊजसाठी येते, पण परत येते ते तू लक्षात ठेवलं म्हणून,” असं ती म्हणाली. मला ते पटलं. तुमचे बंधू म्हणाले, हे तर पोलीस ठाण्यातही करतात.

टाइप करायला माझ्या बोटांना जमत नाही, म्हणून मी बोलून लिहायला लागली. माइकचं चित्र दाबायचं आणि बोलायचं, अक्षरं आपोआप उमटतात. पण ताई, त्या फोनाला आपली बोली समजत नाही. मी म्हटलं, “काखेत सैल पाहिजे,” त्याने लिहिलं, “काकांना सैल पाहिजे.” मी दोन दिवस विचार करून राहिली की कोणते काका. एका बाईच्या पानावर मी बोलली, “अस्तर लावायचं,” आणि त्याने लिहिलं, “अत्तर लावायचं.” पंधरा दिवसांनी शिवायला बसली तेव्हा काय बोलली होती ते माझ्या लक्षात नव्हतं, आणि वहीवर विश्वास ठेवायचा असं उर्वशीने बजावलं होतं. मनाशी म्हटलं, असेल बाईची हौस. बिनअस्तराचा ब्लाऊज शिवला आणि देताना बाही जोडतात तिथे, दोन्ही मुंढ्यांना, मोगऱ्याचं अत्तर लावून दिलं. मला वाटलं आता भांडण होते. ते काही झालं नाही. ती आठ दिवसांनी आली आणि म्हणाली की ह्यांनी बारा वर्षांत पहिल्यांदा विचारलं, ब्लाऊज नवा आहे काय. आता तिच्या गल्लीतल्या तीन जणी अत्तराचा ब्लाऊज मागून राहिल्या. (अस्तर हा शब्द मी आता फोनसमोर काढतच नाही. ‘आतलं कापड’ म्हणते.)

एवढे घोटाळे सोडले तर वहीने माझं नाव केलं. कोणाचा मुलगा पोलीस भरतीसाठी पळून राहिला, कोणाच्या सुनेला कितवा महिना आहे, कोणाला माहेरचा विषय नको, सगळं मला तोंडपाठ असल्यासारखं. बाया एकमेकींना सांगायच्या की वंदनाची याद फार तेज आहे. मीही मग मान थोडी तिरपी करून, आठवल्यासारखं करून विचारायची. आणि बाया खरं बोलतात म्हणून मीही वहीत खरंच लिहायला लागली. तिथेच चुकलं.

गेल्या बुधवारी लोधीखेड्याच्या प्रमिलाबाई आल्या. शाळेत बाई आहेत, माझ्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या वैशालीचं लग्न ठरलं आहे, विहारात, पुढच्या महिन्यात. वैशालीच्या पांढऱ्या साडीवरचा ब्लाऊज, स्वतःचे, बहिणींचे, असं सगळं काम माझ्याकडे. सोबत वैशाली होती, आणि होणाऱ्या विहीणबाई, म्हणजे नवरदेव आशिषची आई. मुलाकडच्या बायांचे ब्लाऊजही माझ्याकडे द्यायचे की नाही, हे त्या बघायला आल्या होत्या. म्हणजे माझी परीक्षाच. पुढच्या खोलीत आशिषची आई आणि वैशाली बसल्या. तुमच्या गल्लीतले भैय्याजी सध्या इथे लेकीकडे आले आहेत, तेही बायकोचा ब्लाऊज न्यायला येऊन बसले होते. तुमचे बंधू रात्रपाळी करून आलेले, चहा देऊन राहिले होते. मी प्रमिलाबाईंना घेऊन पडद्याआड गेली.

नेमका चष्मा सापडेना. (तो गळ्यातच होता, टेपच्या खाली.) मग आठवलं, उर्वशीने एक बटण दाखवलं होतं, ते दाबलं की फोन पान वाचून दाखवतो. आवाज बारीक केला म्हणजे मला एकटीला ऐकू येईल, असा हिशेब केला. प्रमिलाबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या, मी हळूच बटण दाबलं आणि फोन कानाला लावला. काहीच नाही. आवाज वाढवला. तरी नाही. आणखी वाढवला. बाहेरून कोण्या बाईचा खणखणीत हिंदी वळणाचा आवाज येऊन राहिला होता. मी प्रमिलाबाईंना म्हटलं, “आज कचरागाडी लवकर आली वाटते.”

कचरागाडी नव्हती ताई. तुमच्या बंधूंनी आदल्या दिवशी माझ्या फोनवरून जामसांवलीच्या हनुमानाची आरती लावायला त्यांचा तो भजनाचा काळा डबा, म्हणजे स्पीकर, फोनला ब्लूटूथने जोडला होता आणि तोडला नव्हता. फोन इथे माझ्या कानाशी मुका आणि डबा तिथे पाहुण्यांच्या डोक्यावर, फळीवर, पूर्ण आवाजात. डब्यातली बाई बातम्या दिल्यासारखी सांगत होती: “प्रमिलाबाई. लोधीखेडा. कंबर दोन इंच वाढली आहे. सांगायचे नाही. जुनेच माप मोठ्याने बोलायचे. आली की बसायला द्यायचे नाही. बसली की दोन तास उठत नाही. वैशालीचे लग्न जमले. मुलगा चांगला. मुलाची आई फार चौकशा करते. तिच्या हातची वांग्याची भाजी खारट होती, तरी हिने लाजेने दोनदा घेतली म्हणे.”

तुमच्या बंधूंना पहिल्या दोन ओळी बातम्याच वाटल्या. कंबर आली तेव्हा त्यांना शंका आली, आणि ते डबा बंद करायला धावले. त्यांनी जे बटण दाबलं ते आवाज वाढवायचं होतं. आत मी वाढवून राहिली, बाहेर ते. फोन बिघडला असं समजून मी पुढचं पान, आणखी पुढचं पान, असं भराभर दहा-बारा वेळा दाबलंही. शेवटी त्यांनी डब्याची वायर ओढली तेव्हा कुठे डब्यातली बाई थांबली.

प्रमिलाबाई पाठमोऱ्याच होत्या. त्यांनी दोन्ही हात खाली घेतले आणि माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, “दोन तास उठत नाही, हे खरं आहे वंदना. वैशालीचे बाबा भाऊराव गेल्याला चार वर्षं झाली. वैशाली कामावरून रात्री येते. घरी जाऊन मी बोलू कोणाशी? माझ्या कपाटात न घातलेले कितीक ब्लाऊज आहेत. ते काय हौसेने शिवले मी?”

ताई, मी त्यांच्याबद्दल एवढं लिहून ठेवलं होतं, मुंढा, बाही, गळा, चहात साखर किती, आणि हे एक नव्हतं लिहिलं. मनात नव्हतंच तर लिहिणार कुठून.

पुढची धास्ती वेगळी होती. बाहेर विहीणबाई बसल्या होत्या. आम्ही दोघी पडदा सारून बाहेर आलो तर वैशालीने पदराने तोंड झाकलं होतं, भैय्याजी चहाच्या कपात बघून राहिले होते, आणि आशिषची आई ताठ बसल्या होत्या. मला डोळ्यांपुढे मोडलेलं लग्न दिसायला लागलं. त्या प्रमिलाबाईंना म्हणाल्या, “मले डॉक्टरनं मीठ बंद केलं हाय. चाखून पाहता येत नाही, अंदाजानं टाकतो. तुमी दोनदा घेतली तवा मी आशिषले म्हटलं, तुही सासू चांगली खादाड दिसते.”

आधी वैशाली हसली. मग प्रमिलाबाई, आणि त्या हसल्या की त्यांची सगळी मापं हलतात, त्यामुळे मला पुन्हा माप घ्यायला लागलं. आशिषच्या आईने बाकावर सरकून त्यांना जागा दिली. मग मला म्हणाल्या, “चौकशा करतो मी, खरं हाय. माह्यं बी पान काढा. अन् त्यात लिवा, भाजीले मीठ दुसऱ्यानं टाकावं.” ते मी तिथेच लिहिलं. मुलाकडचे सगळे ब्लाऊज आता माझ्याकडे आहेत.

जाताना प्रमिलाबाईंनी माझा फोन मागितला, स्वतःचं पान काढलं आणि चष्मा लावून वाचत बसल्या. शिक्षिकाच त्या. ‘कंबर’ कुठे ‘कंमर’ झाली होती ती दुरुस्त केली, दोन ठिकाणी अनुस्वार दिले. खोडलं मात्र काहीच नाही. शेवटी एक ओळ स्वतःच्या बोटांनी लिहिली. त्या गेल्यावर मी पाहिली: “बसायला द्यावे.”

त्या एकूण सव्वातीन तास बसल्या होत्या. काल मी दुकानात हात असलेली खुर्ची आणली आहे.

असो. पत्र फार लांबलं. भाऊजींना नमस्कार, घरच्या लहानांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला (जो असेल त्या) तेल लावत जा.

तुमची,
वंदना

ता. क. उर्वशीसाठी लिंबाचं लोणचं पाठवाल तर बरं होईल. ती म्हणते, आत्याच्या हातचंच पाहिजे.

दुसरा ता. क. भैय्याजी परवा पांढुर्ण्याला परत येऊन राहिले. हे पत्र उद्या सकाळच्या बसने तुमच्या हाती पडेल अशी मी व्यवस्था केली आहे. त्यांनी काही सांगितलं तर ऐकू नका. वहीत नावं अक्षराप्रमाणे लागतात, आणि मी घाईत पुढची पानं दाबली तेव्हा ‘प’वरून ‘व’पर्यंत यायला फार वेळ लागला नाही. डब्याने जे वाचलं ते दुसऱ्या विजयमालाबाईंबद्दल होतं.

तिसरा ता. क. तुमच्या बंधूंनी वरचं वाचलं आणि म्हणाले की वहीत दुसरी विजयमाला नाही, तेव्हा खरं लिही. तर ताई, खरं असं. तुमच्या पानावर लिहिलं होतं: “मोठ्या नणंद. शिवलेलं पहिल्यांदा कधीच आवडत नाही. परत पाठवतात. उसवायचं नाही. आठ दिवस कपाटात ठेवायचा, इस्त्री करून तसाच द्यायचा. मग म्हणतात, आता कसा बरोबर बसला.” हे मी आजवर पाच वेळा केलं आहे. माफ करा. भैय्याजींच्या तोंडून कळण्याआधी माझ्या हातून कळावं, म्हणूनच हे सगळं लिहायला बसली.

चौथा ता. क. तुम्ही मागच्या महिन्यात परत पाठवलेला मोरपंखी ब्लाऊज ह्या पत्रासोबतच पाठवून राहिली. लाजेखातर ह्या वेळी मी तो खरोखर उसवून नव्याने शिवला आहे, त्यामुळे बसेल की नाही ते सांगता येत नाही.