महादेवीला सायक्लोट्रॉन समजावला

२ मार्च, शिरूर अनंतपाळ
बायकोच्या, महादेवीच्या छातीतली गाठ काढून महिना झाला. आजार आणखी कुठं पसरलाय का ते बघायला डॉक्टरांनी पेट स्कॅन सांगितलाय. पुढच्या सोमवारी, लातूरला. मला अजिबात टेन्शन नाही. जन्मभर बारावीला फिजिक्स शिकवलं. मशीन माहीत नसतं म्हणून माणूस घाबरतो. महादेवीला समजावायचं ठरवलं.

त्याच दिवशी, जेवणानंतर
समजावलं. स्कॅनआधी टोचायचं औषध हैदराबादच्या सायक्लोट्रॉन नावाच्या मशीनमधून येतं. भाकरीचे दोन तुकडे केले, मध्ये फट. हे दोन पोकळ डबे, वर-खाली मोठं चुंबक. फटीत शेंगदाणा, म्हणजे प्रोटॉन. चुंबक त्याला नुसतं गोल वळवतं. वेग मिळतो फटीत, विजेच्या धक्क्यानं. वेग वाढला की गोल मोठा होतो, पण फेरीला वेळ तेवढाच, म्हणून धक्का दर वेळी बरोबर बसतो. शेवटी प्रोटॉन बाहेर पडून एका खास पाण्यावर आपटतो. त्यातून किरणोत्सारी अणू होतात, ते साखरेला जोडतात. गाठ साखर जास्त खाते, म्हणून चमकते.
ती म्हणाली, मग फिरवतच ऱ्हावं की, लई जोरात जाईल. हुशार आहे. सांगितलं, प्रकाशाच्या वेगाच्या जवळ गेला की तो जड झाल्यासारखा वागतो, फेरीला उशीर होतो, धक्का चुकतो. शिवाय चुंबक तरी केवढं करणार?
तिनं प्रोटॉन खाल्ला आणि विचारलं, सुई लई दुखती का?
हे सिलॅबसमध्ये नाही. पण तिची भीती गेली, हे नक्की.

५ मार्च
निश्चय: आजाराबद्दल नेटवर काही वाचायचं नाही. दुपारी थोडं वाचलं. तो अभ्यास.
नांदेडहून मुलीचा, शिवांगीचा फोन. पप्पा, बरे आहात ना? म्हटलं, आईची चौकशी कर. म्हणाली, आईनंच सांगितलं तुम्हाला फोन करायला.

८ मार्च
स्कॅनसाठी तिला उपाशी राहायचंय. मीही राहणार. सुई टोचताना हात धरणार. ती म्हणाली, तुम्हाला शुगर हाय, तुम्ही खा. म्हटलं, गोळी घेईन की. विषय संपला.

९ मार्च, लातूर, सकाळी
औषधाची गाडी झहीराबादजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलीय. हे औषध दोन तासांच्या आतच निम्मं होतं, मग निम्म्याचं निम्मं. आमचा नंबर शेवटचा. टेक्निशियन म्हणाला, आम्ही नेहमी हिशेब करून जास्तीचंच मागवतो, पण फारच उशीर झाला तर शेवटचा पेशंट पुढच्या तारखेला.
मी शांत आहे. चौथ्यांदा काउंटरवर गेलो तेव्हा बसायला सांगितलं.
आमच्या आधीचा नंबर बिलोलीच्या केवळाबाईंचा. एकट्याच आल्यात. त्यांना सगळं सायन्स समजावलं आणि नंबर बदलून मागितला. त्या म्हणाल्या, माझा बी जीवच हाय, सर.
महादेवीनं सदरा ओढून मला खाली बसवलं.

संध्याकाळी
गाडी दुपारी आली. औषध सगळ्यांना पुरलं. नावं पुकारायला लागले आणि माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. घाम फुटला. रिकाम्या पोटी घेतलेली शुगरची गोळी. शुद्धीवर आलो तेव्हा केवळाबाई माझ्या तोंडात गूळ घालत होत्या. स्कॅननंतर खायला म्हणून त्यांनी स्वतःसाठी आणलेला.
मग त्या आत गेल्या. नंतर महादेवीचं नाव आलं. मी तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली आणि एकटीच आत गेली.

११ मार्च
रिपोर्ट आला, माझ्या मोबाईलवर. मीच आधी वाचून सगळ्यांना समजावणार होतो. फाइल न उघडताच शिवांगीला पाठवली. नेटवर्कचं कारण सांगितलं. मग बाथरूममध्ये गेलो, कडी लावली.
बऱ्याच वेळानं महादेवीनं दार वाजवलं. म्हणाली, बाहेर या. शिवांगी डॉक्टरांशी बोलली. दुसरीकडं कुठं काई न्हाई.
मी आतूनच म्हटलं, येतो, तोंड धुतोय.
ती म्हणाली, नळाला सकाळपासून पाणी न्हाई.