डावा पाय क्लचवर

४ जानेवारी १९७०, रविवार

गाडी आली. लाल, विलायती, स्पोर्ट्स. दोनच सीट. वरचं कापडी टप मागे दुमडतं. बॉनेट एवढं लांब की पुढे कोंबडी बसली तर आतून दिसत नाही. कांदिवलीच्या एका कारखान्यातला गोरा साहेब कायमचा मायदेशी गेला, त्याची होती. बाबांच्या वाटणीचं खारोडीचं शेत विकलं, त्यातून घेतली. शेत नुसतं पडून होतं. गाडी पळेल.

साहेबाच्या ड्रायव्हरने फाटकापर्यंत आणली, चावी दिली आणि विचारलं, आत तुम्ही घ्याल ना? म्हटलं, अर्थात. तो वळणावर दिसेनासा झाल्यावर चार जणांना बोलावून ढकलून आत घेतली. गरम इंजिन उगाच चालवू नये.

मला गाडी येते हे सगळ्या गावठणाला ठाऊक आहे. बहारीनला दोन वर्षं स्टोअरकीपर होतो तेव्हा साहेबाची अमेरिकन गाडी चालवायचो. (एकदा. गोदामाच्या कंपाउंडात. पण चालवली.) तिला क्लच नव्हता, गिअर आपोआप पडायचे. हिला क्लच आहे. म्हणजे एक पाय जास्त वापरायचा, एवढंच.

बायको आयडा म्हणाली, दोनच सीट? म्हटलं, स्पोर्ट्स कार अशीच असते. म्हणाली, शेतात सगळे मावत होते.

बायकांना गाडीतलं कळत नाही.

संकल्प: महिन्याभरात आयडाला शेजारी बसवून ऑर्लेमच्या देवळात फादरच्या मिस्साला जाणे. टप उघडं ठेवून.

५ जानेवारी, सकाळ

ऑफिसला जाण्याआधी ट्रायल. इंजिन लगेच सुरू झालं. डावा पाय उचलला तशी गाडीने उडी मारली आणि बंद पडली. कपडे धुवायचा दगड फुटला.

दगड जुनाच होता.

६ जानेवारी

आयडाला नवा दगड हवाय. माणसं प्रगती बघत नाहीत, दगड बघतात.

११ जानेवारी, रविवार

आयडाचा धाकटा भाऊ जॉनी मालाडच्या बर्फाच्या कारखान्याचा ट्रक चालवतो. ठेंगणा आहे, पण बर्फाची अख्खी लादी एकटा खांद्यावर घेतो. शिकवायला तयार झाला. खरं म्हणजे मीच त्याला स्पोर्ट्स कारमध्ये बसायची संधी दिली.

मार्वे रोडच्या कडेच्या मोकळ्या मैदानावर गेलो. तो म्हणाला, भावजी, डावा पाय पूर्ण दाब, गिअर टाक, मग पाय हळू सोड, एकदम सोडू नको. मी सोडला. गाडी बंद. त्याने माझ्या मानेवर चापट मारली. म्हणाला, माझ्या उस्तादाने मला असंच शिकवलं. परत बंद, परत चापट. मी शांत स्वभावाचा माणूस आहे, म्हणून पाच चापटा सोसल्या. मग त्याचा कान धरून पिळला. त्याने माझं डोकं स्टिअरिंगवर आपटलं. हॉर्न वाजला.

हॉर्न उत्तम आहे.

१८ जानेवारी, रविवार

पहिला गिअर आला. आता माझा तो पक्का आहे.

फक्त ब्रेक आणि क्लच यांच्यात थोडा गोंधळ. परत येताना फाटकात वळायचं तर गाडी सरळ गेली. समोर शेजारी अँथनीचं डुकरांचं खुराडं. भिंत कच्चीच होती, नाहीतर एका धक्क्यात पडली नसती. डुकरीण भिंतीखाली सापडली. पिल्लं चारी दिशांना पळाली.

अँथनी ताडाच्या झाडावर होता. खाली उतरला तो हातात कोयता घेऊनच. म्हणाला, उतर बेसिल, आज तुझं पण मटण करतो. जॉनी चटकन उतरला आणि त्याने अँथनीचा हात मनगटाशी धरला. दोघे चिखलात पडले. मला वाटलं, घरच्या माणसाला मदत करावी. इंजिन सुरू करायचं लोखंडी हँडल घेतलं, अँथनीच्या डोक्यावर नीट नेम धरला आणि फिरवलं. अगदी त्याच वेळी जॉनी वर आला.

भुवईवर लागलं. रक्त बरंच आलं. अँथनीसुद्धा घाबरला, कोयता टाकून त्यानेच आपला गमछा जॉनीच्या कपाळाला बांधला. दोघे मिळून मला शिव्या देत होते. म्हणजे भांडण मिटलं ते माझ्यामुळे.

१९ जानेवारी

जॉनीला टाके पडले. आयडा म्हणते, जरा खाली लागलं असतं तर डोळा गेला असता. पण खाली लागलं नाही. हे कोणी बघत नाही.

२० जानेवारी

अँथनीने त्या डुकरिणीचं मटण गावठणात विकलं. रात्री आपल्याकडे त्याच मटणाचं सोरपोतेल. आयडाने ताट माझ्यासमोर आदळलं. चव चांगली होती.

२५ जानेवारी, रविवार

जॉनी आला नाही. एकट्याने सराव. मार्वे रोडवर दुसरा गिअर टाकायला खाली बघितलं, वर बघितलं तर समोर टांगा. घोड्याला काही झालं नाही. टांग्याचं चाक मोडलं. टांगेवाल्याने चाबूक माझ्यावर चालवला. मी गाडीच्या आत होतो, पण टप उघडं होतं. (यापुढे टप बंद.) मी चाबूक ओढून घेतला आणि त्याला एक ठेवून दिला. मग त्याने मला बाहेर ओढलं. पुढचं लिहीत नाही. खालचा ओठ सुजलाय, ऑफिसात दाताचं दुखणं सांगितलं.

दुसरा गिअर जवळजवळ पडला होता.

१ फेब्रुवारी, रविवार

आयडाने जॉनीची समजूत घातली. म्हणे, तू शिकवलं नाहीस तर हा कोणाला तरी मारेल. बायकोला माझी काळजी आहे.

जॉनी आला. भुवईवर अजून पट्टी. चापट मारणार नाही म्हणाला, हात पण मांडीखाली दाबून बसला. मार्वेच्या किनाऱ्यापर्यंत पोचलो. पहिल्या गिअरमध्ये, पण पोचलो. मला वाटलं, जरा वाळूत फिरवून आणावी. जॉनी नको म्हणाला. मी वळवली. मागची चाकं रुतली.

तो उतरला, मागे गेला, ढकलायला लागला. म्हणाला, पहिला टाक आणि हळू सोड.

मी पहिलाच टाकला. गाडी मागे गेली. या गाडीचा रिव्हर्स पहिल्याच्या अगदी शेजारी आहे. तसं मला कोणी सांगितलं नव्हतं. (जॉनीने सांगितलं होतं, पण ओरडून. ओरडून सांगितलेलं डोक्यात राहत नाही.) मागे सुरूचं झाड होतं. झाड आणि बंपर यांच्यामध्ये जॉनीचा डावा पाय. सुकी फांदी मोडल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, फांदीच. घाईत ब्रेक दाबायला गेलो तो अॅक्सिलरेटर दाबला गेला. गाडी आणखी मागे गेली. परत आवाज.

 किनाऱ्यावरच्या लोकांनी गाडी पुढे ढकलल्यावर जॉनी खाली बसला आणि दोन्ही मुठीत वाळू घट्ट धरून राहिला. बूट वेगळ्याच दिशेला वळला होता.

मासळीचा टेम्पो उभा होता, त्यातून इस्पितळात नेलं. गाडी होती, पण मला अजून दुसरा गिअर येत नाही.

२ फेब्रुवारी

घोट्याची हाडं मोडलीत. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. जॉनी दुसरीकडे तोंड करून पडला होता. मी सांगितलं, रिव्हर्स तिथे ठेवणारा इंजिनिअर जबाबदार आहे. आयडाने हातातला थर्मास माझ्या छातीवर मारला. काच आतल्या आत फुटली.

थर्मासची.

५ फेब्रुवारी

जॉनीला घरी सोडलं. आयडा कपड्यांची ट्रंक घेऊन ऑर्लेमला माहेरी गेली. म्हणाली, मेबलमम्मा (माझी सासू) एकटी किती करणार, जॉनीला उचलून बसवावं लागतं. किती दिवस, विचारलं. म्हणाली, त्याचा पाय चालायला लागेपर्यंत.

चार-आठ दिवसांत येईल.

११ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

फादरनी कपाळावर राख लावली. संकल्प: ईस्टरपर्यंत राग नाही, हात उचलणं नाही, शिवी नाही. देवळात आयडा दिसली, तिने बघितलं नाही.

संध्याकाळी अँथनी कुंपणावरून म्हणाला, राख जरा जास्त लाव रे, मेव्हण्याच्या पायाची पण. मी त्याला कुंपणावरून खाली ओढला. शर्ट फाटला. माझा.

संकल्प उद्यापासून.

२२ फेब्रुवारी, रविवार

जॉनीला बघायला गेलो, केळी घेऊन. त्याने पेजेची वाटी फेकली. गरम होती. कपाळावर लागली. जोर चांगला आहे, म्हणजे तब्येत सुधारतेय. आयडाला तसं सांगितलं. तिने दार लावून घेतलं. केळी आत राहिली.

८ मार्च

बर्फाच्या कारखान्यात जॉनीच्या ट्रकवर नवा माणूस घेतला. मालक म्हणे, माणूस थांबेल, बर्फ थांबत नाही. बातमी अँथनीने दिली. टोमणा मारला नाही. त्यामुळे भांडायला काही सुचलं नाही.

१५ मार्च

प्लास्टर काढलं. पाय घोट्यात वाकत नाही. डॉक्टर म्हणतात, आता एवढाच.

दिवसभर विचार केला आणि उपाय सापडला. जॉनीला माझ्या गाडीवर ड्रायव्हर ठेवायचं. त्याला काम, मला गाडी, आयडा घरी. एवढी साधी गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नाही.

२२ मार्च, झावळ्यांचा रविवार

स्वतः गाडी चालवत ऑर्लेमला गेलो. न थांबता. पहिल्याच गिअरमध्ये, पण न थांबता. पोचेपर्यंत बॉनेटमधून वाफ यायला लागली. लोक मिस्साहून परतत होते, हातात झावळ्या. सगळे थांबून बघत होते. मला बरं वाटलं.

जॉनी कुबडी घेऊन ओट्यावर बसला होता. मी त्याच्यासमोर चावी धरली आणि ड्रायव्हरचं सांगितलं. आयडा दारात उभी होती, ती म्हणाली, बेसिल, नको. पण जॉनी उठला. चालकाच्या सीटवर जाऊन बसला. दोन्ही हातांनी उचलून डावा पाय क्लचवर ठेवला. दाबला. क्लच अर्ध्यावर गेला आणि जॉनीचा चेहरा पांढरा झाला. परत दाबला. मग गुडघ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन दाबला. पाय घसरून बाजूला पडला. त्याने तो परत उचलून ठेवला.

मी म्हटलं, हळूहळू जमेल, मला पण वेळ लागला.

तो उतरला. कुबडीने आधी डावा दिवा फोडला, मग उजवा. मग समोरची काच. कुबडी मोडली. तेव्हा मेबलमम्मांनी आतून वरवंटा आणून त्याच्या हातात दिला. सासूबाई ऐंशीच्या आसपास आहेत, एरवी त्यांना पाण्याचा तांब्या उचलत नाही. जॉनीने एका हाताने गाडीला धरत धरत सगळं बॉनेट ठेचलं, दारं ठेचली, मीटर ठेचले. मी एकदा पुढे झालो तर वरवंटा माझ्या खांद्यावर बसला. मग मागेच उभा राहिलो. कोणी मध्ये पडलं नाही. आयडा पण नाही. हातात झावळ्या घेऊन लोक बघत होते.

शेवटी तो दमून मागच्या चाकाला टेकून खाली बसला आणि रडला. वरवंटा मांडीवर. आयडा त्याच्याजवळ जाऊन बसली.

त्याचं मन मोकळं व्हायला हवं होतं. ते मी तिथे गाडी नेल्यामुळे झालं.

चालत घरी आलो. खांदा उचलत नाही.

२९ मार्च, ईस्टर

गाडी भंगारवाल्याने बैलगाडीला बांधून नेली. मिळालं ते आयडाने परस्पर जॉनीकडे दिलं. मला विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं.

बहुधा.

मिस्सा झाल्यावर आयडा माझ्याजवळ आली. म्हणाली, कारखान्याने जॉनीला फाटकावर बसायचं काम दिलंय. ऑर्लेमहून तिथपर्यंत त्याला चालवत नाही. रोज तू सोडायचं आणि तू आणायचं. कबूल असेल तर मी घरी येते. कशाने सोडू, विचारलं. म्हणाली, ते तू बघ.

कबूल केलं. बघू, काही दिवसांचाच प्रश्न आहे.

५ एप्रिल, रविवार

आयडा आली. ट्रंक पलंगाखाली सरकवली नाही, दाराशीच ठेवलीय.

जुनी सायकल साफ केली. टायर बदलले, मागचा कॅरिअर पक्का केला, वर उशी बांधली.

१२ एप्रिल, रविवार

आठवडा झाला. जॉनी मागे बसतो, डावा पाय सरळ बाहेर. ट्रकवाले त्याला ओळखतात, हॉर्न देतात. तो हात वर करतो. माझ्याशी बोलत नाही. बुधवारी हवालदाराने डबलसीट म्हणून धरलं. मी वाद घालणार होतो, पण मागे जॉनी होता. दंड भरला.

नाल्यावरच्या पुलाला चढ आहे. तिथे मी उतरून ढकलतो. तो बसून राहतो. काल अर्ध्या चढावर दम लागला, थांबलो. मागून जॉनी म्हणाला, सावकाश, भावजी. घाई नाही.

म्हटलं, दम लागलेला नाही, चेन बघतोय.

मग खाली वाकून चेन बघितली. बराच वेळ बघितली.

चेन ठीक आहे.