आईच्या खोलीतला गार रेडिएटर

अण्णा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि आज लिहायला बसलेय ते एका रेडिएटरबद्दल. हसा खुशाल. गाडीतला नव्हे हो. इथे अमेरिकेत, पार्सिपनी गावातल्या आमच्या जुन्या घरात प्रत्येक खिडकीखाली जाड लोखंडी नळ्यांचा एकेक ठोकळा आहे; तळघरातल्या बॉयलरचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि खोली उबदार होते. सहा महिने राहायला म्हणून आलेली आई परवा सहाव्याच आठवड्यात चहा पिता पिता म्हणाली, "माझं तिकीट काढ बाई. मला जाऊ दे." तिकडे तिच्याजवळ कोणी नाही, हे तिलाही माहीत आहे. मी विचारून विचारून थकले. काय चुकलं माझं? दिवसभर ऑफिसचे कॉल, तिच्याशी धड बोलणं नाही, एकदा तर चक्क खेकसले होते तिच्यावर. ती आपली एकच म्हणे, "काही नाही गं, कंटाळा आला."

शेवटी माळ्यावरची तिची बॅग काढून तिच्या खोलीत गेले, तर खोली नुसती बर्फ! बाकी सगळं घर तापलेलं आणि हिचा रेडिएटर थंडगार. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की ही बया आठ दिवस घरात दोन स्वेटर आणि कानटोपी घालून का वावरतेय. हीटिंगवाल्याला फोन केला तर तो म्हणे मंगळवारी येतो. मग काय, गॅरेजमधून पाना आणला, खाली बसले आणि दिसेल तो नट पिळणार, एवढ्यात तुमचा आवाज आला. दवाखान्याच्या धोबीखान्यामागचं तुमचं बॉयलरघर. मी नऊ वर्षांची, तुमचा डबा घेऊन आलेय, आणि तुमची पाठ वळताच पाना उचलून एका नटाशी झटतेय. तुम्ही ओरडता, "आधी हात, मग पाना! काय बिघडलंय ते कळलं नाही आणि निघाली पिळायला!" तेही दोन माणसांदेखत. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते, आठवतं? तिसऱ्या दिवशी तुम्हीच मला पालथा हात पाईपजवळ धरायला शिकवलंत. ऊब जिथे संपते तिथे दुखणं, म्हणालात.

तसाच हात धरला. जमिनीतून वर आलेला पाईप व्हॉल्व्हपर्यंत चटका बसेल इतका गरम, पुढे सगळं गार. व्हॉल्व्ह बंद, आणि असा आवळलेला की हलेना. "कोणी आवळलाय हा एवढा?" मी स्वतःशीच पुटपुटले. दारातून आवाज आला, "मी." आई उभी होती, डोळे भरलेले. "खोली तापली की बंद करायचे मी. गिझर नाही का आपण लगेच बंद करत? मग एकदा आतून गुडगुड आवाज आला, घाबरून गच्च पिळला. तेव्हापासून उघडतच नाही. तुमच्या घरातली वस्तू मोडली मी. जावयाला काय तोंड दाखवू?" अण्णा, मी तिथेच फरशीवर फतकल मारून इतकी हसले, इतकी हसले, की शेवटी रडू आलं. म्हणजे तिला मी नकोशी झाले नव्हते!

तेलाचे दोन थेंब सोडले, फडक्याने धरून हळूहळू फिरवला, सुटला एकदाचा. खालचा भाग तापला, वरचा मात्र गारच. मग कडेचा बारका स्क्रू जरासा सैल केला, अडकलेली हवा फुस्स करून गेली, पाण्याचा थेंब आला तसा परत बंद केला. पाच मिनिटांत आईने कानटोपी काढली. "मार्चपर्यंत राहते मी," ती म्हणाली, "पण हे रात्रंदिवस चालू ठेवायचं जिवावर येतं गं माझ्या." बॅग मी परत माळ्यावर टाकली. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. तिने तिकीट काढ म्हटलं ना, तेव्हा वाईट वाटण्याच्या आधी, अगदी क्षणभर, मला सुटल्यासारखं वाटलं होतं. तिला हे कधी कळणार नाही. तुम्हाला तरी माहीत असू दे.