पुसलेली टेकडी

शनिवार, ४ सप्टेंबर १९९३

टेकडी गेली! गुरुवारी दुपारी मी माझ्या हाताने काढली होती — बॅरेंट्स समुद्राचा तळ, नकाशा नंबर अकरा, चाळीस मीटर उंच. आज तिथं सपाट रेषा. शीटवर खोडल्याचा डाग. बदल करणाऱ्याची सही नाही.

बर्फाकडच्या त्या समुद्रात आमचं जहाज आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजत फिरतं, त्याच्या कागदी पट्ट्या कुरियरने इथं बहारीनला, मनामाच्या ऑफिसात येतात. बर्फ मी फ्रीजमध्येच पाहिलाय. पण तो तळ मला घराजवळच्या बुसैतीनच्या गल्ल्यांपेक्षा जास्त पाठ आहे. माझी चूक नाही.

नकाशांच्या कपाटाच्या चाव्या दोघांकडेच. नकाशे तपासणारे ग्रॅहॅम साहेब — ते गुरुवारी संध्याकाळीच जहाजाकडे गेले. आणि माझ्यासारखाच नकाशे काढणारा विवेक.

सोमवार, ६ सप्टेंबर

विवेकला विचारलं. म्हणाला, "मी हात नाही लावला, भाभी. साहेबांना येऊ दे." इतका शांत! निर्दोष माणूस चिडला असता. सीनियरची जागा निघणार आहे, आम्हा दोघांतल्या एकाला. ती टेकडी माझ्या नावावर नको असेल.

घरी जाताना त्याच्या काखेत नकाशे ठेवायची नळी होती.

मंगळवार, ७ सप्टेंबर

आज पण नळी.

बुधवार, ८ सप्टेंबर

हारूनना सांगितलं. "नवरा म्हणून सांगतो, साहेब येईस्तोवर थांब. त्याचं घर त्या पगारावर चालतं." यांना सगळेच भले वाटतात.

शनिवार, ११ सप्टेंबर

थांबले नाही. मॅनेजरकडे गेले. त्यांनी सगळ्यांसमोर नळी उघडायला लावली. आत रद्द केलेल्या शीट्स, आणि त्यांच्या कोऱ्या बाजूला रंगीत घरं, बोटी, एक उंट. खाली वेड्यावाकड्या अक्षरात — मृणाली.

"मुलीला कागद लागतात," विवेक म्हणाला. "या फेकायच्याच होत्या. रंगवून झाल्या की परत आणून टाकतो."

मॅनेजर म्हणाले, "क्लायंटचा नकाशा बाहेर नेलास. खलास."

मला हायसं वाटायला हवं होतं. पण मुलीच्या चित्रांआडून दुसरं काय काय गेलं असेल, कोणी सांगावं?

सोमवार, १३ सप्टेंबर

व्हिसा कॅन्सल. तो, बायको, मुलगी — तिघांची तिकिटं गुरुवारची. टेबल आवरून तो माझ्याजवळ आला. "तुमचं रेखाटन चांगलं असतं, भाभी. मी कशाला पुसेन?" मी पट्टीवरून मान वर केली नाही.

गुरुवार, १६ सप्टेंबर

गेले ते. मृणालीची शाळा आत्ताच सुरू झाली होती म्हणे.

शनिवार, १८ सप्टेंबर

ग्रॅहॅम साहेब परत आले. अकरा नंबर उघडला. म्हणाले, "ती टेकडी नव्हती, माशांचा थवा होता. निघायच्या घाईत मीच पुसली, सही राहिली." खिशातून पेन काढून सही केली.

मग विचारलं, "विवेक दिसत नाही. रजेवर आहे का?"